धुऱ्यावरचा फोन

सेवाग्राम आश्रमात बापूंच्या कार्यालयात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो बसवण्यात आला होता. गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले तेव्हा हे सेगाव होते, वर्ध्याजवळचे एक चिखलवाटेचे खेडे. सेवाग्राम हे नाव त्याला 1940 मध्ये मिळाले. मातीच्या भिंती, वर कौले, खाली चटई आणि त्यातच थेट राज्यकर्त्यापर्यंत पोचणारी तार. पाहायला येणाऱ्यांना हे विसंगत वाटते. मला तसे वाटत नाही. त्या घरातल्या वस्तू पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते: प्रत्येकीला नेमके काम आहे आणि त्या कामापुरतीच तिला जागा आहे. टेलिफोनचे काम आवाज पोचवण्याचे होते, म्हणून तोही तिथे परका नव्हता. यंत्राला आधी त्याचे काम विचारायचे आणि मग त्याची किंमत करायची, ही रीत वर्ध्याच्या मातीत अशी जुनी आहे. आज वावरात जाणाऱ्या माणसाच्या खिशातल्या फोनला मात्र ती कोणी लावताना दिसत नाही.

बाजारात ज्याला फीचर फोन म्हणतात आणि गावात ज्याला बटनाचा फोन म्हणतात, तो आज ‘परवडत नाही म्हणून घेतलेला’ फोन मानला जातो. दुकानात त्याची जागा खालच्या फळीवर आणि सरकारी योजनांत तर जवळजवळ कुठेच नाही. माझे म्हणणे याच्या उलट आहे. वर्धा जिल्ह्यात ओलीत, वेचणी, फवारणी आणि जागल या कामांसाठी बटनाचा मजबूत फोन हेच योग्य अवजार आहे. पण ‘मजबूत’ हा शब्द आपण दुसऱ्यांच्या मोजपट्टीने मोजतो आहोत. हा फोन हातातून पडून निकामी होतो त्याहून अधिक वेळा तो तीन गोष्टींनी निकामी होतो: न निघणारी बॅटरी, बदललेले नेटवर्क आणि ॲपशिवाय न उघडणारी सरकारची दारे.

आधी काम कसले आहे ते पाहू. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या, चिकट जमिनीचा आहे. पावसाळ्यात ती पायाला आणि हाताला सोडत नाही, उन्हाळ्यात तिची धूळ प्रत्येक फटीत शिरते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, हरभरा, गहू, आर्वी-कारंजाकडे संत्रा, अशी पिके. कृषिपंपांची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते, त्यामुळे रब्बीत अनेकांचे ओलीत मध्यरात्री चालते. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतीच्या गावांत, आणि आता त्यापासून दूरच्या गावांतही, रानडुक्कर आणि रोही पीक फस्त करतात म्हणून मचाणावर रात्र काढावी लागते. कापूस वेचणाऱ्या बायांचा दिवस ओटीत कापूस भरत जातो. बोंडांच्या टोकांनी बोटे ओरखडलेली असतात, आणि फोन पिशवीत, कमरेला किंवा धुऱ्यावरच्या कापडाखाली असतो. खिशात साठणारे कापसाचे तंतू मातीत मिसळून चार्जिंगच्या भोकात घट्ट बसतात. फोन ‘लागत नाही’ म्हणून दुकानात येतो तेव्हा दुकानदार आधी सुईने तिथली वात काढतो.

या परिस्थितीत काचेचा फोन का अडतो, हे त्याच्या रचनेत आहे. स्पर्शाने चालणाऱ्या काचेखाली विजेचा सूक्ष्म भार पसरलेला असतो. बोट टेकले की त्या ठिकाणी तो बदलतो आणि फोनला जागा कळते. पाण्याचा थेंबही असाच बदल घडवतो, म्हणून ओल्या पडद्यावर फोन भलतीकडेच उघडतो. उलट घट्टे पडलेल्या, कोरड्या कातडीतून किंवा फवारणीच्या हातमोज्यातून हा बदल क्षीण पोचतो आणि काच दाद देत नाही. बटनाखाली धातूची एक लहान घुमटी असते. दाबली की ती टक् करून बसते आणि सर्किट पुरे होते. तिला बोटाच्या ओलाव्याशी, जाडीशी, वयाशी काही देणेघेणे नाही. पाच आकड्यावरचा छोटा उंचवटा बोटाला लागला की अंधारातही पूर्ण कीपॅड कळते. अक्षरओळख नसलेली म्हातारी एक बटन दाबून धरून मुलाला फोन लावते, ही सोयही त्यातलीच. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक जीव गेले, तो जिल्हा वर्ध्याला लागूनच आहे. तसे काही वावरात घडले, तर रुग्णवाहिकेचा 108 लावण्यासाठी हातमोजा काढून, हात पुसून, पडद्यावर नक्षी काढून फोन उघडण्याइतका वेळ हाताशी नसतो.

बॅटरीचे गणितही असेच कामातून निघते. लहान पडदा, लहान प्रोसेसर, पार्श्वभूमीला धावणारी ॲप नाहीत, त्यामुळे हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपासच्या बॅटरीवर हा फोन काही दिवस निघतो. वादळात झाड पडून गावाची वीज रात्रभर गेली तरी तो सकाळी चालू असतो. कमी वीज खातो म्हणून कमी तापतो, आणि वर्ध्यात हे फार मोलाचे आहे. ॲपल आपल्या आयफोनच्या वापरासाठी 0 ते 35 अंशांची मर्यादा सांगते. ती मर्यादा इथे मार्च सरता सरताच ओलांडली जाते आणि पुढे पावसापर्यंत दुपारी फोन त्या मर्यादेबाहेरच वावरतो. उन्हात धुऱ्यावर ठेवलेली काळी वस्तू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत वेगाने म्हातारी होते, आणि 45 अंशांच्या वर तिला चार्ज करणे तर तिच्या आयुष्याशीच खेळणे आहे.

नोकियाने 2003 मध्ये आणलेला 1100 हा फोन पाहिला की त्याच्या आखणीकारांनी हे सारे किती गांभीर्याने घेतले होते ते दिसते. धूळ आत शिरू नये म्हणून सलग कीपॅड, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून खरबरीत कडा, आणि एक बटन दाबून धरले की लागणारी टॉर्च. जगभर असे 25 कोटींहून अधिक फोन खपले. आपल्या रात्रीच्या ओलितात टॉर्च ही सोय कॅमेऱ्यापेक्षा मोठी आहे. पायाखालचा साप ती दाखवते, पाटाचे फुटलेले तोंड ती दाखवते. एफएम रेडिओचेही तसेच. जागलीवर मोठ्याने लावलेला रेडिओ जनावराला माणसाची चाहूल देतो आणि एकट्या माणसाला सोबत. शहरातून पाहिले तर या किरकोळ सोयी वाटतात, पण मचाणावर त्यांच्यावाचून रात्र निघत नाही.

आता ‘मजबूत’ या शब्दाकडे वळू. महाग रग्ड, म्हणजे दणकट म्हणून विकल्या जाणाऱ्या फोनच्या खोक्यावर दोन खुणा हमखास असतात. एक आयपी 67 किंवा आयपी 68. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत जात नाही, सात म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटे टिकतो, आठ म्हणजे त्याहून कठीण, कंपनी सांगेल त्या अटीवर. दुसरी खूण एमआयएल-एसटीडी-810, म्हणजे अमेरिकेच्या लष्कराने आपल्या साहित्यासाठी ठरवलेली चाचणीपद्धत. तिच्यात 122 सेंटिमीटरवरून वस्तूच्या कडा, कोपरे आणि बाजू अशा 26 पडी घेतल्या जातात. पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार असल्याने ‘मिलिटरीचा माल’ या शब्दांना आपल्या भागात वजन आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवे: या खुणेचे प्रमाणपत्र कोणतेही लष्कर देत नाही. कंपनी स्वतः किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून चाचणी करवून घेते, कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते स्वतःच निवडते, आणि त्या 26 पडी पाच नगांपर्यंत वाटून घ्यायची मुभाही त्या पद्धतीत आहे. आयपीची धूळ म्हणजे बंद पेटीतली शंखजिऱ्याची भुकटी, आणि पाणी म्हणजे साधे, स्वच्छ पाणी. काळ्या चिखलाचा गाळ, युरियाचे पाणी, घामाचे मीठ, तंतूंची वात, यांतले काहीही त्या चाचणीत नसते. शिवाय चाचणी कोऱ्या फोनची होते. तीन उन्हाळ्यांनंतर त्याच्या रबरी कडीचे काय झाले असेल, हे ती सांगत नाही.

या चाचण्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. विहिरीच्या थारोळ्यात पडलेला फोन जिवंत निघणे ही खरी गोष्ट आहे, आणि ती आयपी 68 मुळेच घडते. पण टिकण्याचा एक दुसरा, आपला अर्थ आहे आणि तो वर्ध्याच्या परंपरेत लिहून ठेवलेला आहे. अखिल भारतीय चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत 150 रुपयांपेक्षा जास्त नसावी, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावे, बाईला आठ तास फार न दमता चालवता यावे, वेळच्या वेळी डागडुजी केल्यास 20 वर्षे टिकावे, आणि त्या डागडुजीचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांहून अधिक नसावा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण टिकाऊपणाची व्याख्या किती नेमकी होती पाहा. यंत्र कधीच बिघडू नये असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही. बिघडेल हे धरून चालून ते कोण, कुठे, किती पैशांत दुरुस्त करील, याचा हिशेब तिने मागितला. पुढे 1934 मध्ये स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात मगनवाडीला आला, 1938 मध्ये मगन संग्रहालय उघडले, आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी चूल, घाणी, कागद यांवर जे काम केले त्यामागे हाच हिशेब होता.

ही व्याख्या फोनला लावली की अवघड प्रश्न पुढे येतो, कारण पाणी रोखणारी बांधणी आणि दुरुस्ती यांचे सहज जमत नाही. पाणी अडवायचे तर फोन डिंकाने चिकटवून बंद करणे कंपनीला सोपे जाते, आणि बंद केलेल्या फोनची बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत फुगली की सगळा फोनच फेकावा लागतो. जुन्या साध्या फोनचे पाठचे झाकण नखाने निघते. नोकियाची बीएल-5सी ही बॅटरी तर इतकी रुळली की फोनबरोबरच तिच्या मापाचे छोटे रेडिओ आणि स्पीकरही बाजारात आले. तालुक्याच्या बाजारात कोणत्याही मोबाइलच्या दुकानात ती मिळते. याला मी मजबुती म्हणतो: सुटा भाग हाताशी असणे. दोन्ही गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत, हे मात्र खरे नाही. सॅमसंगच्या एक्सकव्हर मालिकेत आयपी 68 आहे आणि बॅटरीही काढता येते, फक्त झाकणाला नीट कडी लावण्याचा खर्च करावा लागतो. युरोपीय संघाने तर 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता-घालता याव्यात असा नियम केला आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2024 मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समिती नेमली आणि 2025 मध्ये तिचा अहवाल आला. मोबाइल त्यात आहेत. हा निर्देशांक हजार-दीड हजारांच्या फोनच्या खोक्यावरही छापला जावा, कारण ज्याला दुसरा फोन घेणे जड जाते त्यालाच त्याची जास्त गरज आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. स्मार्टफोनमध्ये हवामान आहे, बाजारभाव आहेत, पानावरच्या किडीचा फोटो कृषी सहायकाला पाठवता येतो, पैसे देता-घेता येतात. शेतकऱ्याला बटनाच्या फोनकडे परत पाठवणे म्हणजे मागे ढकलणे. आक्षेप वजनदार आहे आणि मी तो झटकत नाही. घरात एक स्मार्टफोन असावा, आणि बहुतेक घरांत तो आता असतोही; पण तो वावरात नसतो, शिकणाऱ्या मुलाकडे असतो. प्रश्न त्या माणसाचा आहे जो रात्री पंपावर आहे. शिवाय या सोयींपैकी बऱ्याच सोयींना काच लागतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये सुरू केलेल्या यूपीआय 123पे मध्ये साध्या फोनवरून बोलत्या सूचनांच्या आधारे पैसे पाठवता येतात आणि 2024 मध्ये त्याची मर्यादा एका वेळी 10,000 रुपये झाली. *99# लावून बँकेचे व्यवहार करण्याची सोय त्याहून जुनी आहे. पुण्याच्या ओसियन ॲग्रो ऑटोमेशनने ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवले, त्यात शेतकरी फोन लावून बटनाच्या आवाजी खुणांनी दूरचा पंप चालू-बंद करतो. विंचू-काट्यातून विहिरीपर्यंतची रात्रीची चक्कर वाचवणारी ही युक्ती साध्या फोनवरच उभी राहिली. साध्या फोनला धरून विचार केला तर काय काय होऊ शकते, याचे हे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण आहे, आणि अशी उदाहरणे थोडी आहेत ती इच्छा थोडी असल्यामुळे.

कारण सरकारी यंत्रणेने उलटी दिशा धरली आहे. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो आणि जागा नोंदवायची. कल्पना चांगली, कारण सातबाऱ्यावर खरे पीक चढते. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याची नोंद दुसऱ्याच्या फोनवर आणि दुसऱ्याच्या सवडीवर गेली. 2025-26 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला 8,110 रुपये होता. हिंगणघाट, सेलू, देवळी, आर्वीच्या कास्तकाराला तो भाव आणि व्यापाऱ्याचा भाव यांतला फरक म्हणजे घरचे वर्ष. तो फरक मिळवायला त्याच्या हातातला, पाच वर्षे इमानाने चाललेला फोन अपुरा ठरला. याला ‘डिजिटल दरी’ म्हणून शेतकऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ज्या नोंदणीत नाव, आधार, गट क्रमांक आणि तारीख एवढेच लागते, ती एका फोन कॉलवर किंवा ग्रामपंचायतीच्या खिडकीत होऊ शकते. ती तशी ठेवायची की नाही हा निर्णय आहे, तंत्राची मर्यादा नाही.

नेटवर्कचे दुखणे वेगळे. जिओ 2016 मध्ये आली ती फक्त 4जी घेऊन, त्यामुळे तिचे कार्ड जुन्या 2जी फोनमध्ये चालत नाही. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांचे 2जी अजून आहे, पण कायम राहील असे कोणी लिहून दिलेले नाही. म्हणून नवा बटनाचा फोन घेताना तो 4जी असणे आणि त्यावर व्होल्टे, म्हणजे 4जी नेटवर्कवरून बोलण्याची सोय, चालणे हे बॅटरीइतकेच तपासावे. 2017 चा जिओफोन आणि 2023 मध्ये 999 रुपयांना आलेला जिओभारत यांनी असे फोन स्वस्त असू शकतात हे दाखवले. रिचार्जचाही एक अन्याय बराच काळ चालला: ज्याला फक्त बोलायचे आहे त्यालाही डेटाचे पैसे भरावे लागत. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे, वर्षभरापर्यंत मुदतीचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. हा निर्णय गावोगावी पोचायला हवा होता तितका पोचला नाही. दुकानदाराला हे पॅक नाव घेऊन मागावे लागते.

किमतीचा आक्षेप उरतो. खऱ्या रग्ड फोनला काही हजार रुपये पडतात, आणि तेवढ्यात बरा स्मार्टफोन येतो. मग कास्तकार दर दोन वर्षांनी हजाराचा फोन घेतो ते शहाणपणाचेच नाही का? त्याच्यापुरते आहे. पण त्याला लष्करी फोन हवा आहे असे मी म्हणतच नाही. पाण्यात अर्धा तास टिकणे कधीतरी लागते. उष्णता, माती आणि तंतू रोज लागतात, आणि त्यांच्यासाठी लागणारे बदल महाग नाहीत: चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण, सलग कीपॅड, उन्हात वाचता येईल असा पडदा, सुटी बॅटरी. मोठा खर्च आखणीच्या वेळी घेतलेल्या काळजीचा आहे. हे सारे गांधींच्या गावी बसून जुन्याचे गोडवे गाणे आहे, असेही कोणी म्हणेल. पण गांधीजींनी 1924 मध्येच सिंगरच्या शिवणयंत्राचे मनापासून कौतुक केले होते. त्यांची तक्रार यंत्राशी नव्हती, यंत्रासाठी माणसाने वाकावे याच्याशी होती.

म्हणून चाचणीच हवी असेल तर ती इथे व्हावी. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, ग्रामीण उद्योगांसाठी तंत्र घडवणे हेच तिचे काम; ती हे सहज हाती घेऊ शकते. मे महिन्यातल्या तीन दुपारी फोन धुऱ्यावर उन्हात ठेवावा आणि संध्याकाळी त्यावरून कॉल लागतो का पाहावे. वेचणीच्या पूर्ण हंगामात तो ओटीजवळच्या पिशवीत राहू द्यावा आणि मग चार्जर बसतो का बघावा. काळ्या चिखलात पाडून, पाटाच्या पाण्यात धुऊन, ओल्या हाताने दहा आकडे लावावेत. वीज पडण्याच्या इशाऱ्याचा मराठीतला एसएमएस आला तर जोडाक्षरे न तुटता वाचता येतो का, हे त्याच माणसाला विचारावे ज्याला तो वाचायचा आहे. बॅटरी तालुक्याच्या बाजारात मिळते का, किती रुपयांना, ते लिहावे. आणि शेवटी पाचचे बटन. 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरले की आपत्कालीन मदतीचा कॉल जावा असा नियम आहे. पाच वर्षे वापरलेल्या फोनवरचा तो उंचवटा झिजून गेला आहे की अमावास्येच्या रात्री, पंपाजवळ, चिखलाने माखलेल्या अंगठ्याला अजून सापडतो, हे पाहून नोंद करावी.